वीज अडवावी, उष्णता सोडावी : मोटरीचे वायंडिंग आणि इपॉक्सी रेझीन



उसाला पाण्याची खरी निकड फाल्गुन-चैत्रापासून मृगाच्या पावसापर्यंत असते आणि नेमक्या त्याच दिवसांत विहिरीवरच्या मोटरी जास्त जळतात. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाण्याची पाळी द्यावी लागते. मोटर काढायची, तालुक्याच्या गावी न्यायची, नंबर लागेपर्यंत थांबायचे, गुंडाळून आणून पुन्हा बसवायची, यात एक पाळी सहज चुकते. पाण्याच्या ताणात सापडलेली कांडी आखूड राहते. मागाहून कितीही पाणी दिले आणि युरिया टाकला तरी ती लांबत नाही. म्हणजे रिवायंडिंगचे बिल हा नुकसानीचा लहान भाग झाला. मोठा भाग तोडणीनंतर वजनकाट्यावर दिसतो.

गटाच्या बैठकांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. "रिवायंडिंगवाला म्हणतो, इपॉक्सी रेझीन भरून देतो. जादा पैसे पडतील, पण मोटर पुन्हा जळणार नाही. साहेब, हे खरे धरावे काय?" हा प्रश्न शेतकी खात्याचा नाही, असे म्हणून टाळता येईल. परंतु पाणी बंद पडले की शेतकी खात्याचे सगळे सल्ले कागदावरच राहतात. म्हणून इपॉक्सी रेझीन म्हणजे काय, ते वीज कसे अडवते, त्यातून उष्णता लवकर बाहेर पडावी यासाठी त्यात काय मिसळतात आणि आपल्या मोटरीला त्याचा उपयोग किती, याची माहिती या लेखात देत आहे.

मोटर जळते म्हणजे काय होते?

मोटरीत तांब्याच्या तारेचे वेढे असतात. तारेतून वीज वाहते तेव्हा ती तापते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह २० टक्के वाढला तर उष्णता ४४ टक्के वाढते. डीपीवर लोड जास्त होऊन व्होल्टेज पडले की तेवढेच पाणी उचलण्यासाठी मोटर जादा अँपिअर ओढते. तीनपैकी एक फेज गेला आणि मोटर तशीच चालत राहिली, तर उरलेल्या दोन फेजवरचा प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो आणि तेथील उष्णता जवळजवळ तिप्पट होते.

या उष्णतेने तांब्याचे काही बिघडत नाही. तांबे वितळायला हजाराच्या वर अंश लागतात. बळी पडतो तो तारेवरचा इनॅमलचा पातळ लेप आणि त्यावरचे व्हार्निश. लेप आधी काळपट होतो, मग ठिसूळ होतो, मग तडकतो. दोन वेढ्यांचे तांबे एकमेकांना टेकले की शॉर्ट होते आणि आपण म्हणतो, "मोटर जळाली."

हा लेप किती उष्णता सोसेल याचे वर्ग ठरलेले आहेत. ए वर्ग १०५ अंश सेल्सिअस, ई वर्ग १२०, बी वर्ग १३०, एफ वर्ग १५५ आणि एच वर्ग १८० अंश. मोटरीच्या पाटीवर हे अक्षर लिहिलेले असते, ते सभासदांनी जरूर पाहावे. इंजिनिअर मंडळी एक ठोकताळा वापरतात : वायंडिंगचे तापमान दर दहा अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते. उलट दहा अंश कमी झाले तर आयुष्य दुप्पट होते. पुढचा सगळा विषय या दहा अंशांच्या भोवती फिरतो.

एकाच पदार्थाला दोन उलटी कामे

वायंडिंगभोवतीच्या पदार्थाकडून आपली मागणी विचित्र आहे. त्याने वीज अजिबात जाऊ द्यायची नाही, पण उष्णता मात्र झटपट बाहेर जाऊ द्यायची. निसर्गात सहसा असे नसते. तांबे आणि ॲल्युमिनिअम दोन्ही वाहून नेतात, कारण धातूत मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन असतात आणि तेच वीजही नेतात व उष्णताही नेतात. या दोन गुणांची सांगड व्हीडमान आणि फ्रान्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५३ साली दाखवून दिली. प्लॅस्टिक, रबर, लाकूड, रेझीन यांत मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणून वीज अडते, पण उष्णताही अडते. हिवाळ्यात आपण घोंगडी घेतो तसेच ते. वीज अडवणारी ही घोंगडी आपण तापलेल्या तारेवरच पांघरलेली असते.

इपॉक्सी रेझीन याच जातीचे. घरात फुटकी वस्तू चिकटवायला दोन ट्यूबमधले अराल्डाइट आपण समसमान घेऊन कालवतो, ते इपॉक्सीच. एका ट्यूबमध्ये रेझीन असते, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र आले की त्यांच्या कणांची एकमेकांत जाळी विणली जाते आणि दगडासारखा घट्ट पदार्थ तयार होतो. पुन्हा तापवला तरी तो मेणासारखा वितळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्टान यांनी १९३० च्या दशकात हा पदार्थ दातांच्या कवळ्यांसाठी शोधला, ही गंमतीची गोष्ट आहे. पुढे १९४६ साली तो अराल्डाइट नावाने बाजारात आला. तांब्याला घट्ट चिकटतो, ओल शिरू देत नाही आणि वीज उत्तम अडवतो, या गुणांमुळे विजेच्या कामात त्याने पाय रोवले. उणीव एकच, उष्णता त्यातून फार सावकाश जाते.

थोडा हिशेब करून पाहू

पदार्थातून उष्णता किती सहज जाते ते मोजण्याचा एक आकडा आहे. त्याला उष्णतावहनाचा गुणांक म्हणतात. स्थिर हवेचा गुणांक सुमारे ०.०२५, साध्या इपॉक्सीचा ०.२, पाण्याचा ०.६ आणि तांब्याचा सुमारे ४००. म्हणजे तांब्यापुढे इपॉक्सी दोन हजारावा हिस्सा.

आता समजा, १०० चौरस सेंटिमीटर जागेतून १०० वॅट उष्णता बाहेर काढायची आहे आणि मध्ये एक मिलिमीटर जाडीचा साध्या इपॉक्सीचा थर आहे. थराच्या आतल्या व बाहेरच्या बाजूत ५० अंशांचा फरक पडेल. बाहेरचे लोखंड ८० अंशांवर असेल तर आतली तार १३० वर जाईल. रेझीनचा गुणांक ०.२ वरून १ वर नेता आला तर हाच फरक १० अंशांवर येतो आणि तार ९० अंशांवर राहते. चाळीस अंश वाचले. दर दहा अंशांना आयुष्य दुप्पट, हा ठोकताळा लावा म्हणजे यात किती फायदा आहे ते कळेल.

याच हिशेबाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. रेझीन कितीही चांगले असो, पण भरताना घाई झाली आणि मध्ये हवेचा फक्त ०.१ मिलिमीटरचा, म्हणजे वहीच्या कागदाएवढा थर राहिला, तर त्या एका थरानेच ४० अंशांचा फरक पडतो. भारी रेझीनने कमावलेले कागदाएवढ्या पोकळीने घालवले! ही गोष्ट सभासदांनी पक्की ध्यानात ठेवावी.

रेझीनमध्ये भुकटी कशासाठी?

वीज न नेता उष्णता नेणारे काही पदार्थ आहेत. त्यांत मोकळे इलेक्ट्रॉन नसतात, पण अणू अगदी शिस्तीत आणि घट्ट जोडलेले असतात. एका टोकाच्या अणूला थरथर सुटली की ती ओळीने पुढे जाते. रांगेत उभ्या माणसांनी मोळी हातोहात पुढे द्यावी तशी. माणूस जागचा हलत नाही, मोळी मात्र गाडीपर्यंत पोहोचते. हिरा हे याचे सर्वात मोठे उदाहरण. तो वीज नेत नाही, पण उष्णता तांब्याच्या कितीतरी पट वेगाने नेतो. साध्या रेझीनमध्ये कणांच्या साखळ्या वेड्यावाकड्या गुंतलेल्या असतात, म्हणून मोळी वाटेतच सांडते.

यावर तोडगा असा की, उष्णता नेणाऱ्या पण वीज अडवणाऱ्या पदार्थाची भुकटी रेझीनमध्ये मिसळायची. वाटते तितके हे सोपे नाही. शंभर भाग घनफळात दहा भाग गोल दाण्यांची भुकटी मिसळली तर उष्णतावहन जेमतेम एकतृतीयांशाने वाढते. ती भुकटी हिऱ्याची असली तरी फारसा फरक पडत नाही! कारण दाणे एकमेकांपासून सुटे असतात आणि दोन दाण्यांच्या मध्ये रेझीनच असते. चार इंची पाइपलाइनचे तुकडे अर्धा इंची नळीने जोडले तर पाणी अर्ध्या इंचाचेच येणार. चार इंची पाइप कितीही गुळगुळीत असला तरी उपयोग नाही.

म्हणून भुकटी भरपूर घालावी लागते. घनफळाच्या निम्मी किंवा त्याहून जास्त घातली म्हणजे दाणे दाण्यांना टेकतात, उष्णतेला सलग वाट मिळते आणि वहन चौपट किंवा त्याच्याही पुढे जाते. पण तेवढी भुकटी घातली की रेझीन काकवीसारखे घट्ट होते, वायंडिंगच्या बारीक फटीत शिरत नाही आणि पोकळ्या राहतात. येथे गवंड्याची युक्ती उपयोगी पडते. काँक्रीटमध्ये खडी, कच आणि वाळू असा लहान-मोठा माल घेतला की खडीतल्या फटी वाळूने भरतात. तसेच मोठे, मध्यम व बारीक दाणे ठरावीक प्रमाणात घेतले तर जास्त भुकटी बसते आणि मिश्रण ओतण्याजोगेही राहते.

कोणती भुकटी, कशासाठी

सर्वात स्वस्त आणि जुनी म्हणजे गारगोटीची बारीक पूड, म्हणजे सिलिका. शुद्ध गारगोटीचा गुणांक सात ते दहाच्या आसपास असतो. तिच्या भरणाने रेझीनचा गुणांक एकच्या जवळपास नेता येतो. दुसरा फायदा असा की रेझीन तापल्यावर तांब्याच्या तीन-चार पट फुगते व गार झाल्यावर आकसते, त्यामुळे तडे जातात. गारगोटी फार कमी फुगते, म्हणून तडे टळतात.

दुसरा पदार्थ ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनिअमचे ऑक्साइड. त्याचा गुणांक तीसच्या आसपास. किंमत बेताची, वीज अडवण्याचा गुण चांगला, म्हणून आज सर्वात जास्त चालतो. मात्र दाणे फार कठीण असल्यामुळे मिसळण्याची यंत्रे झिजतात.

तिसरा ॲल्युमिनिअम नायट्राइड. गुणांक दीडशेच्या वर, पण ओल लागली की त्याचे विघटन होऊन अमोनिया सुटतो. म्हणून दाण्यांना लेप द्यावा लागतो.

चौथा बोरॉन नायट्राइड. याला पांढरे ग्रॅफाइटही म्हणतात, कारण ग्रॅफाइटसारखेच याचे पापुद्रे असतात. फरक एवढाच की ग्रॅफाइट वीज नेते आणि हे अडवते. पापुद्र्याच्या लांबीत गुणांक काही शेकड्यांत जातो, पण आडवा फारच कमी भरतो. रेझीन ओतताना पापुद्रे ज्या दिशेने आडवे होतील त्या दिशेने उष्णता जाते. पापुद्रे हव्या त्या दिशेने उभे करण्यावर जगभर संशोधन चालू आहे. किंमत मात्र भारी पडते.

कोळशाची किंवा धातूची पूड घातली तर उष्णता छान जाईल, पण दाण्याला दाणा टेकला की वीजही जाईल आणि मूळ कामच बिघडेल. म्हणून ती येथे चालत नाही.

भुकटी न घालता खुद्द रेझीनच सुधारण्याचाही मार्ग आहे. जपानमधील हिटाची कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली असे इपॉक्सी प्रसिद्ध केले की ज्याच्या साखळ्या घट्ट होताना आपोआप शिस्तीत, ओळीने बसतात. त्याचा गुणांक ०.९६ पर्यंत, म्हणजे साध्या इपॉक्सीच्या सुमारे पाचपट गेला.

भुकटीने वीज अडवण्याचे काम बिघडते काय?

बिघडू शकते आणि खरी कसोटी येथेच आहे. दाणा आणि रेझीन यांची जोडणी नीट नसेल तर तिथे सूक्ष्म फट राहते व ओल शिरते. म्हणून दाण्यांना आधी सिलेन नावाच्या रसायनाचा हात देतात. सिलेनचे एक टोक दाण्याला धरते, दुसरे रेझीनला. भिंतीला गिलावा करण्यापूर्वी आपण भिंत भिजवतो, तशी ही पूर्वतयारी. भुकटी कोरडी आणि क्षारविरहित असावी लागते.

पोकळीतला हवेचा बुडबुडा विजेच्या दृष्टीनेही घातक आहे. हवा दर मिलिमीटरला सुमारे तीन हजार व्होल्टपर्यंत टिकते. इपॉक्सीची ताकद त्याच्या कितीतरी पट असते. परंतु विजेचा ताण बुडबुड्यावर रेझीनपेक्षा जास्त येतो, म्हणून उच्च दाबाच्या यंत्रात आधी बुडबुड्यात ठिणगी पडते आणि ती आतून रेझीन कुरतडत जाते. आपल्या ४१५ व्होल्टच्या सरळ लाइनवरच्या मोटरीला हा धोका सहसा नाही, पण ११ हजार व्होल्टच्या यंत्राला तो फार मोठा आहे. यासाठी वायंडिंग बंद टाकीत ठेवून आधी आतली हवा ओढून घेतात, मग रेझीन सोडतात आणि वरून दाब देतात. सहवीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्यांतल्या मोठ्या जनरेटरच्या वायंडिंगवर अभ्रकाच्या पट्ट्या गुंडाळून त्यात याच रीतीने इपॉक्सी मुरवलेले असते.

कोरडे ट्रान्सफॉर्मर हे दुसरे उदाहरण. त्यात तेल नसते, वायंडिंग गारगोटीच्या भरणाच्या इपॉक्सीत ओतलेले असते. जिथे भुशाची धूळ उडते आणि ठिणगीची धास्ती असते, तिथे तेल नसणे ही मोठी सोय आहे. तरीही रेझीन उष्णता पुरेशी लवकर सोडत नाही, म्हणून वायंडिंगमध्ये हवा खेळायला मोकळ्या वाटा ठेवतात आणि गरजेप्रमाणे पंखे लावतात.

आता आपल्या मोटरीचे काय?

१. आधी मोटर कोणत्या जातीची ते पाहावे. पाणी भरून चालणाऱ्या सबमर्सिबल मोटरीत तारेवर प्लॅस्टिकचे जाड वेष्टन असते आणि वेढ्यांभोवती फिरणारे पाणीच उष्णता नेते. अशा मोटरीत इपॉक्सी भरू म्हणणाऱ्याला नकार द्यावा. पाण्याची वाट बुजेल आणि मोटर जास्त तापेल. काही सबमर्सिबल मोटरींचा स्टेटर कंपनीतच स्टीलच्या डब्यात बंद करून रेझीनने भरलेला असतो. ते काम गावच्या दुकानात होण्यासारखे नाही.

२. विहिरीच्या काठावरच्या मोनोब्लॉकला व्हार्निश किंवा इपॉक्सीचे व्हार्निश चालते. पण डब्यावरचे नाव विचारण्यापेक्षा काम कसे करणार ते विचारावे. वायंडिंग आधी भट्टीत तापवून ओल घालवणार का? व्हार्निश ब्रशने फिरवणार की पूर्ण बुडवणार? नंतर डब्यावर लिहिलेल्या तापमानाला, लिहिलेले तास भाजणार का? ब्रशने दोन हात मारून उन्हात वाळवलेले भारी इपॉक्सी हे नीट बुडवून भाजलेल्या साध्या व्हार्निशपेक्षा हलकेच. आत पोकळी राहिली की हिशेबातले ते चाळीस अंश आठवावेत.

३. जाड रेझीनने भरलेले वायंडिंग पुन्हा जळाले तर काढताना त्रास होतो. दुकानदार ते आगीत घालून जाळतात. त्या आगीने स्टेटरच्या पत्र्यांमधला इन्सुलेशनचा लेप जातो आणि पुढे ती मोटर कायमची जास्त तापू लागते. मोटर उघड्या आगीत घालू देऊ नये.

४. गुंडाळून आलेली मोटर बसवण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरवर तपासून घ्यावी. गार मोटरीत एक मेगओहमपेक्षा कमी भरले तर ती चालवू नये. नव्या, कोरड्या वायंडिंगला याच्या कितीतरी पट भरायला हवे.

५. मोटरीच्या बाहेरच्या पंख्याचे कव्हर आणि अंगावरच्या पट्ट्या माती, पाचट व गवतापासून मोकळ्या ठेवाव्यात. आतून कष्टाने बाहेर आलेली उष्णता तिथे अडली तर आतले सारे व्यर्थ.

६. केबलच्या जोडाला रेझीनचा संच वापरताना रेझीन व हार्डनर दिलेल्या मापानेच मिसळावे. लवकर सुकावे म्हणून हार्डनर जास्त घातला तर जोड पक्का होत नाही. हातमोजे घालावेत, कारण कच्च्या रेझीनने कातडीला खाज व फोड येतात.

७. शेवटचे आणि सर्वात महत्त्वाचे. एक फेज गेल्यावर तिप्पट होणारी उष्णता कोणतेही रेझीन सोसत नाही. त्यासाठी चांगला सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि अँपिअरप्रमाणे बरोबर लावलेला ओव्हरलोड रिले पाहिजे. ऑटोवर मोटर सोडून रात्री निर्धास्त झोपणाऱ्या सभासदांनी हे दोन्ही चालू आहेत ना, हे हंगामापूर्वी एकदा वायरमनकडून पाहून घ्यावे. रिले सारखा पडतो म्हणून त्याला काडी लावून ठेवणे म्हणजे मोटर जाळण्याची सोय करणे होय.

तेव्हा "इपॉक्सी भरले की मोटर जळणार नाही" या बोलण्यात तथ्य थोडे आणि भरवसा फार. चांगल्या भरणाचे रेझीन, पोकळी न ठेवता, योग्य जातीच्या मोटरीत भरले तर वायंडिंग थंड राहते आणि त्याचे आयुष्य वाढते, हे खरे. पण पडलेले व्होल्टेज, गेलेला फेज आणि घाईचे काम यांवर ते औषध नाही. जादा पैसे द्यायचेच असतील तर आधी प्रिव्हेंटरला द्यावेत, मग नीट भाजण्याला आणि त्यानंतर रेझीनला. उन्हाळ्यातली एक पाळी वाचली तरी हा खर्च उसात भरून निघतो.

आपल्या गटातील सभासदांनी मोटरीच्या पाटीवरचा इन्सुलेशनचा वर्ग, अँपिअर आणि मोटरीची जात वहीत टिपून ठेवावी. दुकानात गेल्यावर तोंडी बोलण्यापेक्षा ही वही पुढे केली तर काम नेमके होते आणि फसवणूक टळते.

– ऊस विकास अधिकारी